झेंडू चंद्रावर, भेंडी सूर्यावर: घरच्या बागेचं वर्षभराचं वेळापत्रक

२०२५च्या दसऱ्याला आमच्या पुण्यातल्या गच्चीवर झेंडूची बावीस रोपं उभी होती आणि उमललेलं फूल एकही नव्हतं. सगळ्या कळ्या हिरव्या, घट्ट. तोरणासाठी फुलं मंडईतून आणावी लागली. रोपांत काही दोष नव्हता, खतपाणीही वेळेवर झालं होतं. चूक तारखेची होती. आदल्या वर्षी १ ऑगस्टला बी पेरलं आणि फुलं मिळाली, म्हणून याही वर्षी १ ऑगस्टलाच पेरलं. पण २०२४चा दसरा १२ ऑक्टोबरला होता आणि २०२५चा २ ऑक्टोबरला. झेंडूला हवे होते ते दहा दिवस मी त्याला दिलेच नाहीत.

तेव्हापासून मी बागेसाठी दोन पंचांगं धरते. सण चंद्राप्रमाणे येतात, दर वर्षी पुढेमागे सरकतात, आणि अधिक महिना आला की एकदम लांब जातात. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि दसरा २० ऑक्टोबरला येतो. पावसाची नक्षत्रं मात्र सूर्याची. मृग दर वर्षी ७-८ जूनलाच लागतं, हस्त २६-२७ सप्टेंबरलाच. म्हणून सणासाठी जे लावायचं ते सणाच्या तारखेपासून मागे मोजून लावायचं, आणि जेवणासाठी जे लावायचं ते नक्षत्र बघून. एवढा एक हिशेब जमला की घरच्या बागेतली निम्मी निराशा टळते, असा माझा अनुभव आहे.

आधी ऊन मोजा

कुंड्या विकत घेण्याआधी एक दिवस घरी राहून गच्ची किंवा बाल्कनी बघा. सकाळी आठपासून दर तासाला ऊन कुठे आहे याची नोंद करा. फळभाजीला सहा तास थेट ऊन लागतं. पालेभाजी तीन-चार तासांत भागवते. अळू, पुदिना, ओवा, विड्याचं पान यांना त्याहून कमी चालतं. गुलाब आणि झेंडू मात्र उन्हाच्या बाबतीत तडजोड करत नाहीत.

ही नोंद वर्षातून दोनदा करा, एकदा मे महिन्यात आणि एकदा डिसेंबरात. पुण्याला मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि नंतर दक्षिणेला झुकत जातो. त्यामुळे उत्तरेच्या बाल्कनीत मे-जूनमध्ये ऊन दिसतं म्हणून लावलेला टोमॅटो नोव्हेंबरात सावलीत उभा असतो. उलट दक्षिणेच्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊन अगदी आतपर्यंत येतं. मेथी, पालक, गाजर यांच्यासाठी त्याहून चांगली जागा फ्लॅटमध्ये मिळत नाही.

गच्ची असेल तर वजनाचाही विचार करा. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल ओल्या मातीचं वजन ४५ ते ५० किलो भरतं. अशी दहा खोकी एका ओळीत म्हणजे अर्धा टन. म्हणून जड कुंड्या भिंतीच्या आणि तुळईच्या रेषेवर, हलक्या मधे. जुन्या इमारतीत इंजिनिअरला विचारल्याशिवाय वाफे बांधू नका, आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालेलं असलं तरी कुंडी विटांवर उचलूनच ठेवा. खालून हवा खेळली की स्लॅबही कोरडा राहतो आणि गोगलगाईही कमी होतात.

माती हलकी, पण उपाशी नको

मी वापरते ते मिश्रण असं: एक भाग माती, एक भाग पुरतं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट. बारा इंची कुंडीला वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट वापरण्याआधी दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यात बऱ्याचदा मीठ असतं. पुण्याकडची काळी माती एकटी वापरली तर पावसात तिचा चिखल होतो आणि उन्हात वीट. लाल माती मिळाली तर ती बरी.

कुंडीचा खालचा तिसरा हिस्सा मी मातीने भरतच नाही. तिथे वाळका पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, रसवंतीवरून आणलेली उसाची चिपाडं. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' या शेतीचे प्रयोग करणाऱ्यांच्या गटातून कितीतरी घरांना पालापाचोळ्यावर बाग उभी करायला शिकवलं. पाचोळा कुजत जातो, मुळांना खाऊ घालतो, वजन कमी ठेवतो. फक्त चिपाडं ताजी असतील तर त्यांना मुंग्या लागतात. महिनाभर उन्हात वाळवून मग भरा.

खत म्हणून दर पंधरा दिवसांनी जीवामृत पुरतं. वीस लिटर पाण्यात एक किलो ताजं देशी गाईचं शेण, अर्धा ते एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत दोन-तीन दिवस ठेवा, रोज सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा, मग एकास दहा पाणी घालून बुंध्याशी ओता. फ्लॅटमध्ये वासाची अडचण असेल तर गांडूळखताचं पाणी वापरा, नाहीतर महिन्याला दोन मुठी गांडूळखत माती हलवून मिसळा.

मृग ते आश्लेषा: वेलांचे दिवस

पावशा 'पेरते व्हा' म्हणायला लागला की हात शिवशिवतात, पण पहिल्या वळिवाला पेरायचं नाही. वळीव दोन दिवस पडून जातो आणि मग आठ दिवस ऊन तापतं. कोवळा कोंब त्यात जळतो. पुण्याला मोसमी पाऊस सरासरी १० जूनच्या सुमाराला पोचतो. आभाळ सलग भरून राहायला लागलं, माती बोटभर खोल ओली झाली, की पेरा.

भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारलं, दुधी, पडवळ, अंबाडी, माठ हे सगळं मृग आणि आर्द्रात. कारलं, दोडका, पडवळ यांचं बी जाड सालीचं असतं, ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. मग ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलं तर तीन-चार दिवसांत मोड दिसतो. मोड आलेलंच बी कुंडीत लावा, म्हणजे कुंडी रिकामी राहत नाही. वेलाला कमीत कमी पंधरा इंच खोल आणि तितकीच रुंद जागा द्या. एका कुंडीत एकच वेल. दोन राहू द्यायचा मोह होतो, मलाही व्हायचा. पण दोन्ही अर्धपोटी राहतात.

मांडव बी पेरण्याच्या दिवशीच बांधा. वेल वाढल्यावर बांधायला गेलं की शेंडे मोडतात. बांबू आणि सुतळी पुरते. नायलॉनची दोरी उन्हात तापून कोवळे तंतू भाजते.

वेल पाच-सहा फूट गेला की मुख्य शेंडा खुडा. बाजूच्या फांद्या फुटतात, आणि मादी फुलं बहुतेक त्या फांद्यांवर धरतात. मादी फूल ओळखायला सोपं: पाकळ्यांच्या मागे बोटाएवढं फळ आधीच असतं. सुरुवातीचे आठ-दहा दिवस नुसती नर फुलं येतात, घाबरू नका. शहरात वरच्या मजल्यांवर मधमाशी कमी पोचते, म्हणून परागण हातानं करावं लागतं, आणि इथे वेळ महत्त्वाची. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात. दोडका, दुधी, पडवळ यांची संध्याकाळी. सकाळी सात वाजता दुधीच्या मिटलेल्या फुलाला ब्रश लावून उपयोग नाही. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा, पिवळा पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फळ खाली वळलं, फुगायला लागलं, की जमलं. पिवळं पडून गळलं तर परागण राहिलं.

फळमाशी दोडक्या-कारल्याची मोठी शत्रू. फळ बोटाएवढं असतानाच ती आत अंडी घालते, फळ वाकडं होतं आणि आत अळ्या निघतात. फवारणीने ती फारशी आटोक्यात येत नाही. कृषी सेवा केंद्रात फळमाशीचे गंधसापळे मिळतात. वेलवर्गीयांसाठीचा मागून घ्या, आंब्याचा वेगळा असतो. शिवाय कोवळं फळ वर्तमानपत्राच्या पिशवीत झाका. सडकी फळं मातीत पुरू नका, कचऱ्यात घट्ट बांधून टाका.

कोकणातल्या मंडळींनी यातलं एक वेगळं करायचं. तिथला पाऊस कुंडीतलं खत आठवड्यात धुऊन नेतो. म्हणून वेल उंच आळ्यावर लावा, खत एकदम न घालता दर आठवड्याला थोडं थोडं घाला, आणि टोमॅटो-कोबीचा विचार पाऊस उघडल्यावर. विदर्भात उलट, पावसाच्या दोन सरींमधलं ऊनही तीव्र असतं. तिथे आच्छादन जूनपासूनच हवं.

गणपती-गौरीसाठी: हे आधीच लागलेलं असायला हवं

दुर्वा सगळ्यात सोप्या. मृगाच्या पावसात एका उथळ ट्रेमध्ये दुर्वांच्या गाठी असलेले धुमारे पसरून वर अर्धा इंच माती टाका. ट्रे भरला की गणपतीच्या तीन आठवडे आधी सगळ्या कात्रीने सपाट कापा. नवीन फूट कोवळी, तीन पानांची, जुडीला हवी तशी येते. न कापलेल्या दुर्वा लांब, चिवट आणि पिवळट होतात.

जास्वंदीला लाल फुलं हवी असतील तर जूनच्या सुरुवातीला हलकी छाटणी करा, फांद्यांचा वरचा चौथा हिस्सा. आणि पिठ्या ढेकूण बघत राहा. पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला की दुसऱ्या दिवसाची वाट न बघता जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. दुर्लक्ष झालं की सगळं झाड जातं आणि शेजारचीही.

निशिगंधाचे कंद एप्रिलमध्ये लावलेले असले तर दांडे गौरींपर्यंत येतात. जूनमध्ये आठवण झाली तर यंदा उशीर झाला असं समजा, पण लावा, नवरात्रात मिळतील.

ऋषिपंचमीची भाजी ही तर घरच्या बागेचीच भाजी. बैलाच्या श्रमाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून परसातलं, हातानं पिकवलेलं शिजवायचं: अळू, माठ, अंबाडी, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, मक्याचं कणीस. शहरात आज ती भाजी वीस-वीस रुपयांचे वाटे करून विकत मिळते. पण गच्चीवर आठ कुंड्या असतील तर तिच्यातलं निम्मं घरात निघतं. भेंडीला पहिल्या तोडणीपर्यंत ४५ ते ५० दिवस लागतात, दोडक्याला ५० ते ६०, माठाला २५ ते ३०. पंचमीपासून मागे मोजा: दोडका अडीच महिने आधी, भेंडी दोन महिने आधी, माठ एक महिना आधी. अळू एकदा कंद लावला की वर्षानुवर्षं राहतो. बाथरूमचं नाही, पण भांडी विसळलेलं बिनसाबणाचं पाणी त्याला दिलं तरी तो खूश. पहिल्यांदा लावताना खाजरा तर नाही ना, हे ज्यांच्याकडून कंद आणाल त्यांना नक्की विचारा.

दसऱ्याचा झेंडू, दिवस मोजून

इथे मी जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त प्रश्न याचेच येतात.

मोठ्या फुलाच्या गोंड्याला पेरणीपासून भरगच्च फुलांपर्यंत मी ८० दिवस धरते. छोट्या मखमली झेंडूला ५५ ते ६०. दसऱ्याच्या तारखेतून ८० वजा केले की पेरणीची तारीख मिळते. २०२६साठी ती १ ऑगस्ट येते. २०२५साठी ती १४ जुलै होती, आणि मी १ ऑगस्टला पेरून बसले होते.

पहिला दिवस: बी. मागच्या वर्षीच्या तोरणातली वाळलेली फुलं ठेवली असतील तर पाकळ्या ओढा, खाली काळ्या-पांढऱ्या सुया निघतात, तेच बी. पण बाजारातल्या संकरित झेंडूचं बी पुष्कळदा पोचट असतं आणि उगवलंच तर फूल तसं येईल याची खात्री नसते. चिमूटभर ओल्या फडक्यात घालून पाच दिवस बघा. दहातले सहा फुटले तर वापरा, नाहीतर पाकीट आणा. उथळ ट्रेमध्ये निम्मं कोकोपीट, निम्मं गांडूळखत, बी पाव इंच खोल. ट्रे पावसाच्या माऱ्यात नको, वळचणीला ठेवा. झेंडूची रोपं या वयात मरतात ती बहुतेक बुंध्याशी कुजून.

पंचविसावा ते तिसावा दिवस: चार-पाच खरी पानं आली की पुनर्लागवड. एका दहा इंची कुंडीत एकच रोप. संध्याकाळी लावा, आणि दोन दिवस दुपारच्या उन्हातून वाचवा. रोप ट्रेमध्ये होतं त्यापेक्षा इंचभर खोल लावलं तर खोडालाही मुळं फुटतात आणि ते वाऱ्याला पडत नाही.

चाळिसावा दिवस: शेंडा खुडा. वरची दोन पानं आणि मधली कळी. नवख्या माणसाचा हात थरथरतो, कारण पहिली कळी तोडायची असते. पण खुडलं नाही तर एक उंच दांडा आणि त्यावर मोजकी फुलं. खुडलं की रोप पसरतं आणि फुलं कितीतरी वाढतात. यानं फुलणं आठ-दहा दिवस लांबतं, ते ८० दिवसांत धरलेलं आहे. पन्नासाव्या दिवसानंतर मात्र खुडू नका.

पंचेचाळिसावा दिवस: कुंडीत मूठभर शेणखत आणि अर्धी मूठ निंबोळी पेंड. नुसतं नत्र देऊ नका, पानंच पानं होतात. कळ्या दिसल्यावर वाळवलेल्या केळीच्या सालींचा चुरा मातीत मिसळा.

साठाव्या दिवसानंतर पाणी बुंध्याशीच द्या, फुलांवर नाही. ओल्या फुलात पाकळ्या आतून तपकिरी होतात. हस्ताचा पाऊस मोठा असतो, तेव्हा कुंड्या भिंतीच्या आडोशाला घ्या. सणाच्या आदल्या संध्याकाळी तोडा, फडक्यात सैल गुंडाळून ठेवा. पहिली फुलं तोडली की रोप थांबत नाही, पुढचे पाच-सहा आठवडे देत राहतं. २०२६मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे हीच रोपं दिवाळीलाही पुरतात.

शेवंतीला हा हिशेब लावू नका. तिला सणाचं काही घेणंदेणं नाही, ती रात्र मोजते. रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय ती कळी धरत नाही. जून-जुलैमध्ये जुन्या झाडाचे बुंध्याजवळचे धुमारे काढून लावा, ऑगस्टअखेरपर्यंत दोन-तीनदा शेंडे खुडा, आणि मग हात लावू नका. आमच्या एका कुंडीला एका वर्षी डिसेंबरातही कळी नव्हती, शेजारच्या कुंड्या फुललेल्या असताना. कारण महिनाभर कळलं नाही. ती कुंडी जिन्याच्या दिव्याखाली होती आणि तो दिवा रात्रभर जळायचा. तिच्यासाठी रात्र होतच नव्हती. कुंडी अंधारात हलवली आणि पुढच्या महिन्यात तिला कळ्या आल्या.

हस्त, चित्रा, स्वाती: वर्षातली सगळ्यात मोठी पेरणी

शेतकरी म्हणतात, 'पडतील स्वाती तर पिकतील मोती.' कुंडीतल्या माणसाने हे दिवस धरले तर महाराष्ट्राच्या पठारावर सहज येणारी सगळी भाजी हिवाळ्यात निघते. घाई मात्र नको. ऑक्टोबरचं ऊन एप्रिलसारखं भाजतं, त्यात गाजर-पालकाचं बी रुसतं. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर यांची रोपं सप्टेंबरात ट्रेमध्ये करा, पुनर्लागवड ऑक्टोबरच्या मध्याला, आणि पहिला आठवडा दुपारी जुनी ओढणी मांडवासारखी ताणून सावली द्या. गाजर, मुळा, बीट थेट जागेवर पेरा. यांची रोपं उपटून लावली की मूळ दुभंगतं. मटार ऑक्टोबरअखेर. लसूण ऑक्टोबरात, पाकळीचं टोक वर ठेवून. पात हवी तेवढी खुडा, गड्डा हवा असेल तर पात खुडू नका.

कोथिंबिरीची तक्रार सगळ्यांची असते. धने पोळपाटावर लाटण्याने हलके रगडा, प्रत्येक धण्याचे दोन भाग व्हायला हवेत. रात्रभर भिजवा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, तोवर माती वाळू द्यायची नाही. लोक सहाव्या दिवशी कंटाळून माती उकरतात. मेथी तीन दिवसांत दिसते आणि महिन्यात जुडी होते. दर दहा दिवसांनी एक ट्रे पेरत राहिलात तर होळीपर्यंत मेथी विकत घ्यावी लागत नाही.

टोमॅटोला काठी लागवडीच्या दिवशीच रोवा. पानाच्या बेचक्यातली फूट खुडत राहा. फुलं आली की सकाळी दहाच्या सुमाराला दांडी बोटाने टिचकी मारून हलवा, पराग आपोआप पडतो. कोबी-फ्लॉवर कुंडीत हौसेपुरतेच; दोन महिने एक कुंडी अडवून एक गड्डा मिळतो, त्या जागेत पालकाच्या चार तोडण्या झाल्या असत्या.

भोगीच्या भाजीची तारीख सोपी, कारण संक्रांत सूर्याची. भोगी १३-१४ जानेवारीच्या पलीकडे जात नाही. गाजर आणि हरभरा ऑक्टोबरच्या मध्याला पेरले की तोवर हाताशी येतात. वांग्याचं बी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. पावटा मात्र जुलै-ऑगस्टमध्येच लावायला लागतो. त्याच्यावर मावा हमखास येतो, शेंड्यांवर काळे ठिपके दिसले की आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग गाळलेली राख भुरभुरा. तेवढ्याने थांबलं नाही तर एक लिटर पाण्यात पाच मिलि कडुनिंबाचं तेल आणि एक-दोन मिलि द्रवसाबण, ऊन उतरल्यावर. भरउन्हात कडुनिंबाचं तेल फवारलं तर पानं करपतात. पालेभाजीवर फवारलंत तर आठवडाभर तोडू नका.

नोव्हेंबरात भुरी येते, दुधी-काकडीच्या उरलेल्या वेलांवर पिठासारखी. आंबट ताक एकास दहा पाण्यात, दर पाच दिवसांनी. फार पसरली असेल तर वेल काढून टाका, त्याने त्याचं काम केलेलं असतं.

गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, पुण्याकडे ऑक्टोबरच्या मध्याला. आठवडाभर पाणी कमी करा. मेलेल्या, काडीसारख्या आणि आत वळलेल्या फांद्या आधी मुळापासून काढा. उरलेल्या चांगल्या चार-पाच फांद्या निम्म्यावर आणा, बाहेरच्या बाजूला तोंड केलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका काप. कात्री धारदार आणि स्पिरिटने पुसलेली. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) लावा. मग कुंडीची वरची तीन इंच माती काढून शेणखत, निंबोळी पेंड आणि हाडांचा चुरा भरा. पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत फुलं. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. तिथे जाऊन एकदा लोकांनी कुठे कापलंय ते फांद्यांवर वाकून बघा. पुस्तकापेक्षा ते लवकर समजतं.

मोगऱ्याचा उपास

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घरचा मोगरा हवा असेल तर काम थंडीत करायचं. मोगऱ्याला डिसेंबरात दोन-तीन आठवडे पाणी जवळजवळ बंद ठेवा. पानं पिवळी पडतील, पडू द्या. उरलेली हाताने ओरबाडून काढा. जानेवारीत झाड फूट-दीड फुटावर छाटा, माती उकरून मुळांना दोन दिवस ऊन दाखवा, मग दोन मुठी शेणखत आणि भरपूर पाणी. नवी फूट आणि तिच्या टोकाला कळ्या, मार्चपासून. ज्यांचा मोगरा नुसता पानांनी भरतो त्यांनी बहुधा हा उपासच घडवलेला नसतो, किंवा झाड सावलीत असतं.

उन्हाळा: वाचवायचे दिवस आणि माती तापवायचे

फेब्रुवारीत भेंडी, गवार, काकडी, चवळी पेरा, एप्रिल-मेमध्ये मिळतात. लाल माठ आणि घोळ उन्हाला भीत नाहीत. फुलांत ऑफिस टाइम आणि सदाफुली. कोथिंबीर उन्हाळ्यात लगेच तुऱ्याला येते, तिच्यामागे फार लागू नका.

मार्चअखेर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, पण झाडांच्या डोक्यापासून तीन फूट वर. खाली बांधली की आत भट्टी होते. कुंडीच्या मातीवर दोन इंच पाचोळ्याचं आच्छादन. पाणी सकाळी आठच्या आत. पाइपमध्ये उभं राहिलेलं पाणी तापलेलं असतं, ते आधी बादलीत सोडा. मोठ्या वाफ्यात छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं तर ते झिरपत राहतं. चार दिवस गावाला जायला तेवढं पुरतं. पानांच्या मागे बारीक जाळी आणि पान फिकट ठिपक्यांचं दिसलं तर तो लाल कोळी. त्याला कोरडेपणा आवडतो, म्हणून पानांची मागची बाजू रोज संध्याकाळी पाण्याने धुवा.

मे महिन्यात संपलेल्या कुंड्या रिकाम्या करा. जुनी माती मेणकापडावर चार इंच थरात पसरा, किंचित ओली करा, वरून पारदर्शक प्लास्टिक घट्ट झाकून कडांना विटा ठेवा. तीन आठवड्यांच्या उन्हात त्यातली बुरशी, तणाचं बी आणि किडींचे कोष मरतात. मग तिसरा हिस्सा नवं खत मिसळून माती परत भरा. वांगी-टोमॅटोची कुंडी या वर्षी वेलाला द्या, वेलाची पालेभाजीला.

रोहिणी लागलं, म्हणजे २५ मे झालं, की गच्चीच्या पन्हाळी आणि कुंड्यांची भोकं तारेने मोकळी करा. बियांच्या पुड्या काढून बघा, मागच्या वर्षीच्या कांदा-लसणीच्या डब्यात ठेवल्या असतील तर ओल लागलेली असते. आणि कालनिर्णय काढून दसरा कोणत्या तारखेला आहे ते बघा, ८० दिवस मागे मोजा, त्या चौकोनात पेनाने लिहा: झेंडू.